उरलेलं ऊन

मार्चमधली दुपार, बाराचा सुमार. कामशेतजवळच्या एका घराच्या जिन्याखाली महावितरणचा नेट मीटर लावलेला आहे. त्याच्या छोट्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात: तारीख, वेळ, मग घराने घेतलेली युनिटं, मग घराने दिलेली युनिटं. छतावर तीन किलोवॉटची पॅनेलं आहेत आणि या घटकेला ती अडीच किलोवॉट वीज काढताहेत. खाली घरात आजी, एक फ्रिज आणि एक पंखा. फ्रिज-पंख्याचं मिळून अडीचशे वॉटच्या वर जात नाही. बाकीची मंडळी सकाळच्या लोकलने पुण्याला गेलेली. म्हणजे दहा भाकऱ्या भाजून तयार आहेत आणि जेवणारा एका भाकरीचा धनी. उरलेल्या नऊ भाकऱ्यांचं काय होतं?

सोलर बसवताना हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ‘किती किलोवॉट?’ आणि ‘सबसिडी किती?’ एवढ्यावर बोलणं संपतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ आली. दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान, त्याच्यावर कितीही लावा, रक्कम तेवढीच. त्यामुळे घरटी तीन किलोवॉट हे जणू मापच ठरून गेलं. अनुदान पूर्ण मिळतंय तर पूर्ण घ्यावं, हा आपला स्वभाव. पण वडगाव, कान्हे, मळवली, लोणावळा या पट्ट्यातल्या चार माणसांच्या घराला तीन किलोवॉट वीज लागते का, हे तपासायला बिल काढून बसावं लागतं, आणि ते बसणं राहून जातं.

आधी नऊ भाकऱ्यांचा माग काढू. वीज ही ताबडतोब खपवायची वस्तू आहे. ग्रिडमध्ये कोणत्याही क्षणी जेवढी वीज तयार होते तेवढीच खर्च व्हावी लागते. हा तोल सुटला की ५० हर्ट्झची ठरलेली लय ढळते. राज्यापुरता हा तोल ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून रात्रंदिवस राखला जातो. आपल्या छतावरची जादा वीज मात्र ऐरोलीपर्यंत वगैरे जात नाही. ती सर्वांत जवळच्या भुकेल्या उपकरणाकडे धावते. इन्व्हर्टर आपला दाब लाइनपेक्षा जरासा वर ठेवतो, वीज मीटरमधून बाहेर पडते आणि त्याच डीपीवरच्या शेजारच्या घरात शिरते. शेजारच्या काकूंचा मिक्सर त्या क्षणी तुमच्या उन्हावर फिरत असतो. काकू त्याचं बिल महावितरणला नेहमीच्या दराने भरतात, आणि तुमच्या खात्यावर तेवढी युनिटं जमा होतात. काकूंना यातलं काही माहीत नसतं.

या जमा-वजावटीला नेट मीटरिंग म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन स्ट्राँग नावाच्या वास्तुविशारदाने इमारतीवर सौर पॅनेलं लावली, तेव्हा जुना चकतीचा मीटर वीज बाहेर जाताना चक्क उलटा फिरू लागला. मुद्दाम कुणी काही योजलं नव्हतं, यंत्राचा तो गुणच होता. पुढे त्यावरून कायदे आले. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले आणि २०१९ मध्ये ते नव्याने आणले.

नियमाचा गाभा मावळच्या भाषेत सांगायचा तर असा: तुम्ही ओळखीच्या दुकानदाराकडे इंद्रायणी तांदळाची पोती ठेवलीत. लागेल तेव्हा पोत्याला पोतं परत मिळतं, तो ना भाडं घेत ना घट धरत. एका महिन्याचं उरलेलं पुढच्या महिन्यात चालतं. पण ३१ मार्चला दुकानदार वही मिटतो. त्या दिवशी जी पोती उरली असतील त्यांचे घाऊक भावाने पैसे तुमच्या खात्यावर टाकतो, आणि १ एप्रिलला नवी वही कोऱ्या पानाने उघडते. हा घाऊक भाव आयोग ठरवतो. आपण वीज घेताना जो दर मोजतो त्याच्यापेक्षा तो बराच खाली असतो. हिशेबापुरता युनिटला तीन रुपये धरू.

सगळी गंमत त्या ३१ मार्चमध्ये आहे. तारीख आर्थिक वर्षाची आहे, पावसाळ्याशी तिचं काही देणंघेणं नाही. मावळात मात्र वीज तयार होण्याचं वर्ष पावसाळ्याच्या दोन बाजूंना पडतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जुलैत भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो आणि धुकं खिडकीतून आत येतं. तिथून तळेगावकडे जसजसं जावं तसा पाऊस झपाट्याने ओसरतो, वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये जणू दुसरा प्रांत लागतो. म्हणून एकाच तालुक्यात, एकाच कंपनीची पॅनेलं तुंगार्लीला आणि तळेगावला जुलैत निरनिराळा आकडा दाखवतात. मार्चमधल्या स्वच्छ दिवशी एक किलोवॉट पॅनेल साडेचार युनिट सहज देतं, ओल्या जुलैत घाटमाथ्याजवळ दीड मिळालं तरी बरं म्हणायचं.

आता एक घर कल्पू. लोणावळा आणि कामशेतच्या मधलं कुठलंही धरा. महिन्याला २२० युनिट लागतात. एप्रिल-मे पंख्या-कूलरचे, म्हणून २६०. डिसेंबर-जानेवारी गिझरचे आणि मार्च उन्हाची चाहूल लागलेला, म्हणून २४०. वर्षाला २,७८० युनिट. छतावर तीन किलोवॉट. एप्रिलमध्ये ४०० युनिट तयार झाली, मेमध्ये ३९०. मेअखेर वहीत जमा २७०. जून काठावर सुटतो. जुलैत घराला २२० हवी, छत देतं १३०. ऑगस्टमध्ये १४०. या दोन महिन्यांत वहीतून १७० उचलली. सप्टेंबर पुन्हा काठावर, जूनसारखीच थोडी जमा टाकून. ऑक्टोबर उजाडताना वहीत १२० उरलेली आहेत. पावसाळा पार पडला, एक पैशाची वीज विकत घेतली नाही. झकास.

आणि इथून पुढे बिघडतं. पाऊस पॅनेलं धुऊन गेलेला, आकाश निळं, हवा गार. पॅनेलला ऊन आवडतं, उष्मा आवडत नाही: काच तापली की दर अंशामागे उत्पादन थोडं थोडं घसरतं. त्यामुळे मावळातला हिवाळा सोलरला मानवतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दर महिन्याला नव्वद ते १७० युनिट वहीत पडत राहतात. ३१ मार्चला शिल्लक निघते ८५०. त्यातली ७३० एकट्या ऑक्टोबर ते मार्चमधली आहेत, आणि त्यांना वापरण्याची संधी कधीच येणार नव्हती, कारण पुढचा पावसाळा वही मिटल्यानंतर येतो. तीन रुपयांनी अडीच हजार रुपये हातात आले. वर्षभर छतावर राबणाऱ्या पॅनेलांचा हा बोनस फारच किरकोळ.

हे आकडे कल्पित घराचे आहेत, पण आकार खरा आहे. तुमच्या बारा बिलांवरून तो तासाभरात काढता येतो. मावळापुरतं मला कळलेलं सार एवढंच: एप्रिल-मेची जादा वीज पावसाळ्याची शिदोरी आहे, तिला हात लावू नये. हिवाळ्यातली जादा वीज मात्र नासणारी आहे, ती मार्चच्या आत खाल्लेली बरी.

याच डोंगरात हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी नेमका उलटा सोडवला गेला होता. १९११ मध्ये वळवणला टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरोता हे तलाव त्यासाठी बांधले. पुढे आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्या काळी टाटांपुढची अडचण काय होती? पाणी चार महिन्यांत कोसळणार आणि मुंबईच्या गिरण्या बारा महिने चालणार. म्हणून पावसाळ्यातलं उरलेलं पाणी कोरड्या आठ महिन्यांसाठी साठवायचं. आपल्या छतावर आठ महिने उरतं आणि भर पावसाळ्यात पुरत नाही. घाटावर पावसाळा जमेचा, छतावर खर्चाचा. टाटांना साठवायला तलाव मिळाले, त्यासाठी खोऱ्यातल्या गावांनी जमिनी दिल्या, बहुतेकांनी मनाविरुद्ध. आपल्याला महावितरणची वही मिळाली आहे, तीही फुकट.

मग उरलेल्या ८५० युनिटांचं काय करावं?

पहिलं उत्तर कुणालाच आवडत नाही: पॅनेलं कमी लावा. वरच्याच घरावर दोन किलोवॉट लावले तर वर्षभरात चारशेच्या आसपास युनिट विकत घ्यावी लागतात आणि मार्चअखेर शिल्लक राहते पन्नासेक. विकत घ्यायची ही युनिटं बहुतेक सगळी पहिल्या स्लॅबमधली, म्हणजे स्वस्त असतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट, त्यापुढे आणखी चढा. छतावरचा पहिला किलोवॉट बिलातली महागडी युनिटं खातो. दुसरा स्वस्त युनिटांना हात घालतो. तिसरा किलोवॉट आपल्या कल्पित घरात मुख्यतः घाऊक भावाची वीज तयार करत बसतो. किलोवॉट तिन्ही सारखे दिसतात, कमाई सारखी नसते. स्थिर आकार मात्र कितीही लावले तरी भरायचाच असतो, ‘शून्य बिल’ हा शब्द जाहिरातीपुरता.

पॅनेलं लावून झाली असतील तर घरात खर्च वाढवावा. पण कुठे? इथे लोक सरसकट ‘एसी घेऊन टाकू, नाहीतरी वीज फुकट आहे’ म्हणतात. लोणावळ्यात एसी! असो. मला वाटतं, प्रत्येक वापराला एकच प्रश्न विचारावा: हे एक युनिट मी इथे घातलं तर दुसऱ्या कुठल्या खर्चाचे किती रुपये वाचतील?

विकलं तर तीन रुपये, हे ठरलेलंच आहे. आता चूल घ्या. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला साधारण १२० ते १३० युनिट लागतात, कारण गॅसची बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूने उडून जाते. सिलिंडर साडेआठशे-नऊशेच्या घरात धरला तर युनिटामागे सात रुपये सुटतात, विक्रीच्या दुपटीहून जास्त. आपल्या ८५० युनिटांत सहा-सात सिलिंडर बसतात. अंघोळीचं पाणी गॅस गिझरवर तापत असेल तर तिथेही हाच हिशेब. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साडेतीन युनिट लागतात. हिवाळ्यातली नासणारी वीज आणि हिवाळ्यातलं कढत पाणी, जोडी चांगली जमते. ज्यांच्याकडे आधीच सौर बंब आहे त्यांनी इथे काही करू नये.

सर्वांत मोठी उडी मारते ती दुचाकी. विजेवरची स्कूटर एका युनिटात तीसेक किलोमीटर जाते. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या स्कूटरला साठ-सत्तर रुपये लागतात. तीन रुपयांना विकलं जाणारं युनिट चाकात घातलं की साठ रुपयांचं होतं! कामशेतहून तळेगाव एमआयडीसीला रोज जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर करणाऱ्या माणसाला वर्षाला चारशेच्या आसपास युनिट पुरतात. म्हणजे वहीतली निम्मी शिल्लक संपली. अर्थात उरलेल्या विजेसाठी लाखाची गाडी घेणं म्हणजे शिळ्या पोळ्या संपवायला म्हैस आणण्यासारखं आहे. गाडी बदलायचीच असेल तर मात्र ही आकडेमोड सोबत ठेवावी. वरच्या घरात स्कूटर आणि सकाळचा स्वयंपाक इंडक्शनवर एवढंच आलं तरी मार्चची शिल्लक जवळपास संपते, आणि तिसरा किलोवॉटही कामाला लागतो.

इथे एका गैरसमजाबद्दल बोललं पाहिजे. ‘सोलर आहे ना, मग वॉशिंग मशीन दुपारीच लावा’ असं सगळे सांगतात. सध्याच्या साध्या नेट मीटरिंगमध्ये त्याने बिलात फरक पडत नाही. दुपारी दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट वहीत सारखंच मोजलं जातं. कपडे रात्री दहाला धुतले तरी हिशेब तोच. इथे खरा खेळ दिवसाच्या वेळेचा नसून ऋतूचा आहे.

तरी दुपारी लावावं, असं मी म्हणेन. कारण बिलाचं नाही, तारेचं आहे. मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर डीपीपासून घरापर्यंतची लाइन लांब असते आणि तार बारीक. वीज बाहेर ढकलण्यासाठी इन्व्हर्टर दाब वाढवत नेतो. आळीतल्या पाच-सहा घरांवर सोलर असेल, सगळे कामाला गेले असतील आणि वीज घेणारं कुणीच नसेल, तर लाइनवरचा दाब २३० व्होल्टवरून चढत चढत इन्व्हर्टरच्या मर्यादेला टेकतो. मग इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो, पुन्हा पडतो. लाइनच्या शेवटच्या घराला हा फटका आधी बसतो. लख्ख उन्हात, बारा वाजता, उत्पादनाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागला तर पॅनेलांना दोष देण्याआधी वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावं. अशा आळीत दुपारी पाण्याची मोटर आणि वॉशिंग मशीन लावलं तर दाब उतरतो आणि उरलेलं उत्पादनही सुटतं.

बंगल्यांच्या लोणावळ्यात ही गोष्ट अधिकच ठळक होते. तुंगार्ली, खंडाळा, पवनेच्या काठचे मुंबईकरांचे बंगले सोमवार ते शुक्रवार बंद. माळीबुवा, त्यांची एक खोली आणि फाटकावरचा दिवा, एवढाच खर्च. छतावर पाच नाहीतर दहा किलोवॉट, कारण जागा होती. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीशिवाय अर्ज मान्य होण्याची सोय २०२४ पासून केंद्राच्या नियमांत आहे, त्यामुळे अडवणारंही कुणी नाही. मालकांना वाटतं, इथली जादा युनिटं अंधेरीच्या फ्लॅटला वळवता येतील. साध्या नेट मीटरिंगमध्ये तसं होत नाही: वही त्या मीटरची, त्या ग्राहक क्रमांकाची. शनिवार-रविवारच्या घराला शनिवार-रविवारपुरतीच पॅनेलं लावावीत. पोहण्याच्या तलावाचा पंप, पाणी उपसणारी मोटर ही कामं टायमर लावून दुपारी होतात, पण त्यांनी आठवड्याचे पाच दिवस भरून निघत नाहीत.

‘मग बॅटरी लावू का?’ हा प्रश्न दर दोन घरांमागे येतो. आणि तो बहुतेक वेळा जुलैत येतो, लाइट गेल्यावर. छतावर सोलर असूनही घरात अंधार झाला की माणूस चिडतो. त्याचं कारण साधं आहे. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइनचं ५० हर्ट्झ ऐकून त्या तालावर वीज काढतो. लाइन गेली की त्याने तत्क्षणी थांबायचंच असतं, तशी त्याची घडण असते. नाहीतर झाड पडून तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल तर तो आधी घराला लाइनपासून तोडतो आणि मग आपल्यापुरता दिवा लावतो.

पैशाच्या हिशेबात मात्र बॅटरी बसत नाही. चांगली लिथियम बॅटरी शंभरातली नव्वदेक युनिट परत देते, जुनी शिसे-आम्लाची सत्तर-ऐंशी. महावितरणची वही शंभराला शंभर देते, आणि तिला बदलावंही लागत नाही. शिवाय मावळची खरी टंचाई जुलै-ऑगस्टची आहे. वरच्या घराला त्या दोन महिन्यांसाठी १७० युनिट मेमध्ये बाजूला काढून ठेवायची तर पाच युनिटांच्या चौतीस बॅटऱ्या लागतील, दिवाणखाना भरेल. बॅटरी रात्र निभावते, ऋतू निभावत नाही. लोणावळ्यात पावसाळ्यात लाइट जाते म्हणून, घरात आजारी माणूस आहे म्हणून, कामाचा लॅपटॉप बंद पडून चालत नाही म्हणून बॅटरी घ्यावी. त्या कारणांना पैशाचा हिशेब लावायची गरज नाही.

ही फुकटची वही कायम अशीच राहील का, याची मला खात्री वाटत नाही. नेदरलँड्समध्ये घराघरांवर पॅनेलं चढली ती याच सवलतीवर; तिथल्या संसदेने १ जानेवारी २०२७ पासून ती बंद करण्याचा कायदा केला आहे. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ नंतर जोडणी घेणाऱ्यांना बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला साधारण पाऊण हिश्श्याने कमी मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०२५-२६ साठी नियामकाने ठरवलेला किमान दर युनिटाला ०.०४ सेंट होता, म्हणजे जवळजवळ ‘ठेवून जा’ असंच. सगळीकडे कारण एकच. दुपारी वीज एवढी होते की कुणाला नको असते आणि सूर्य मावळला की एकदम सगळ्यांना हवी असते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालवणाऱ्यांनी २०१३ मध्ये या मागणीचा आलेख काढला तेव्हा तो बसलेल्या बदकासारखा दिसला, दुपारी पोट खाली आणि संध्याकाळी मान वर. तेव्हापासून जगभर त्याला बदकाचा आलेख म्हणतात.

आपलं बदकही आकाराला येतंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीसाठी १६ हजार मेगावॉट सौरवीज उभी करायचं ठरलं आहे. १ जुलै २०२५ पासून महावितरणने टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या, मीटरवरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैसे ते एक रुपया सवलत सुरू केली. एकेकाळी रात्रीची वीज स्वस्त असायची, आता दुपारची आहे. सवलत छोटी असली तरी वारा कुठून वाहतोय ते कळतं. उद्या वहीत दुपारचं आणि रात्रीचं युनिट वेगळं मोजू लागले, तर आज मी जिला नको म्हणतोय ती बॅटरी उद्या घ्यावी लागेल, आणि वॉशिंग मशीन दुपारी लावा म्हणणारे बरोबर ठरतील. म्हणून आज बॅटरी घ्यायची नसली तरी इन्व्हर्टर घेताना पुढे बॅटरी जोडता येईल असा घ्यायला हरकत नाही.

दुपारच्या या उतू जाणाऱ्या विजेला साठवण्याची मोठी जागा पुन्हा मावळातच शोधली जातेय. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला: शिरोता इथे १,८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटचे उदंचन प्रकल्प, खर्च सुमारे १३ हजार कोटी रुपये. उदंचन म्हणजे दुपारी जादा विजेवर खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत येतात. ही युक्ती राज्याला नवी नाही. भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा संच आहे आणि घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा प्रकल्प चालतो.

हेच आपण गच्चीवरच्या टाकीत का करू नये, असं एका हुशार शाळकरी मुलाने मला विचारलं होतं. गणित करून पाहिलं. हजार लिटर पाणी दहा मीटर उंचीवर चढवलं तर त्यात साठते ०.०२७ युनिट. एक युनिट साठवायला सदतीस हजार लिटरची टाकी गच्चीवर लागेल, आणि तिच्याखाली घर उभं राहायला हवं. तेच हजार लिटर घाटमाथ्यावरून खोपोलीला पाचशे मीटर खाली सोडलं की घट-तूट वजा जाता सव्वा युनिट मिळतं. आपल्या कल्पित घराची ८५० युनिटांची शिल्लक म्हणजे घाटावरून सोडलेलं सात लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे सत्तर टँकर. सह्याद्रीचा कडा नसता तर मुंबईचे दिवे १९१५ मध्ये या पाण्यावर लागले नसते, आणि आज दुपारची वीज साठवायला इथे कुणी आलं नसतं.

कामशेतच्या त्या घरात एवढ्यात इंडक्शनची शेगडी आली आहे. आजी तिच्यावर दूध तापवते, पण भाकरी मात्र गॅसवरच, कारण शेगडीवर ती फुगत नाही. शेगडी आली तरी दुपारच्या नऊ भाकऱ्या अजून बाहेरच जातात, फक्त शिल्लक थोडी हलकी झाली आहे. मार्चचं बिल आलं की घरातले आधी ‘शिल्लक युनिट’ हा रकाना बघतात, रुपयांचा आकडा नंतर. १ एप्रिलला तो रकाना शून्यावर येतो, आणि तेव्हा पावसाला जेमतेम सव्वादोन महिने उरलेले असतात.